वहीत भांडायचं नाही

स्वागताच्या टेबलामागची मुलगी इतकी गोड हसत होती की मला आधीच संशय आला. आमच्या हातात कसलंसं थंडगार सरबत देऊन तिनं विचारलं, "एक मोठा बेड देऊ, की दोन वेगळे?"

प्रश्न साधा होता. मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे बघितलं. मग हे अगदी मनापासून, तिला मदत करायच्या सुरात म्हणाले, "एकच पुरे. आम्ही पाळीपाळीनं झोपतो."

तिचं हसू होतं तिथेच थांबलं. आमच्या मागे उभ्या असलेल्या तरुण जोडप्यानं एकमेकांना कोपरानं ढोसलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण यांनी खोटं काय सांगितलं होतं? काहीच नाही. मी सरबत एका घोटात संपवलं आणि किल्ली घेतली. मंगळवारची दुपार होती आणि शनिवारी सकाळी निघायचं होतं. तेवढ्यात मला या माणसाच्या तोंडून एक वाक्य काढून घ्यायचं होतं.

आमचे हे पावाच्या कारखान्यात भट्टी सांभाळायचे. तिथे त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आहे, पहाटे उपाशीपोटी येणाऱ्यांचं रक्त काढते. पेशंटांना माझं नाव ठाऊक नाही, सगळे सुईताई म्हणतात. लेक वर्षाची झाली तेव्हा आम्ही ठरवलं की तिला कुणाच्या दारात ठेवायचं नाही, दोघांतलं एक जण कायम घरात असेल. मास्तरांनी रात्रपाळी घेतली, मी सकाळची. मी पाच चाळीसला घराबाहेर पडायची, हे सहाला घरात शिरायचे. मी साडेचारला परतायची, तोवर हे चारला निघून गेलेले. मधल्या तेवढ्या वेळापुरत्या शेजारच्या आजी आमच्या घरात येऊन बसायच्या, तेवढीच काय ती सूट. कधीकधी चौकातल्या सिग्नलला आमच्या बस समोरासमोर यायच्या. त्यासाठी मास्तर ठरलेल्या खिडकीतच बसायचे. मी हात करायची, ते मान हलवायचे, सिग्नल सुटायचा.

सुट्ट्यासुद्धा जुळल्या नाहीत. त्यांची मंगळवारी, माझी रविवारी. आणि रात्री जागायची सवय असलेला माणूस सुट्टीच्या दिवशीही रात्रीच जागतो. लग्नकार्यं असली, कुणाचं बरंवाईट झालं, की आम्ही शेजारी शेजारी बसायचो, पण तिथे चार माणसांच्या गराड्यात काय बोलणार? लेक मोठी झाली, शिकली, दुसऱ्या गावी नोकरीला लागली. पाळ्या मात्र तशाच राहिल्या. तेवीस वर्षं.

मग संसार केला कुठे, असं कुणी विचारलं तर मी सांगते, वहीत. फ्रिजशेजारच्या खिळ्याला दोरीनं बांधलेली शाळकरी वही. पेनसुद्धा दोरीलाच, नाहीतर लेक पळवायची. अशा एक्केचाळीस वह्या ट्रंकेत आहेत. पुढे मोबाइल आले, पण भट्टीपाशी फोन न्यायची परवानगी नव्हती आणि माझ्या हातात दिवसभर रबरी मोजे. वही राहिली ती राहिलीच.

त्या वहीतला माणूस मी तुम्हाला दाखवायला हवा. 'दूध उतू गेलं. मी समोर उभा राहून बघत होतो, तरी गेलं.' 'तुझा निळा रुमाल कपाटामागे सापडला. तोही तुझी वाट बघत होता.' 'लेकीचा दात पडला. डबीत ठेवलाय. ती रडली, मी नाही. जवळजवळ नाही.' मी लिहायची, 'आमटीत मीठ विसरले, मनाचं घाला.' खाली उत्तर असायचं, 'घातलं. खारट झाली.' मी संध्याकाळी दारातून आत आले की चपलासुद्धा न काढता आधी वही गाठायची.

वहीचा एकच नियम होता आणि तो माझाच. वहीत भांडायचं नाही. पहिल्याच वर्षी माझी आई महिनाभर राहायला आली, तेव्हा मास्तरांनी लिहिलं, 'आपलं घर म्हणजे धर्मशाळा आहे का?' समोर असते तर दोन शब्द ऐकवून मोकळी झाले असते. पण समोर होती वही. मी रात्रभर तो राग उशाशी घेऊन पडले आणि सकाळी एका म्हाताऱ्या आजोबांची शीर चार वेळा चुकले. जाण्याआधी मी जे लिहून ठेवलं होतं ते इथे सांगत नाही. त्या रात्री मास्तरांनी पावाची एक अख्खी खेप करपवली. मग ठरलं, भांडायचं ते तोंडी, वहीत फक्त चांगलं लिहायचं. तोंडी भांडायला वेळ कधी मिळालाच नाही, ही गोष्ट वेगळी.

आणखी एक गोष्ट होती, ती मात्र वहीत कधी आली नाही. आमच्या गादीला एकच खळगा आहे, भिंतीकडच्या बाजूला. रात्री मी त्यात, सकाळी हे त्यात. मी पहाटे उठले की पांघरूण घडी करत नसे. माझ्या जागेवर ते परत नीट दाबून ठेवायची, चारी बाजूंनी खोचून, मळलेल्या पिठावर फडकं टाकतात तसं. म्हणजे भट्टीवरून दमून आलेल्या माणसाला अंथरूण गार लागू नये. थंडीच्या दिवसांत तर मी निघताना हात घालून बघायची. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

तर मास्तर निवृत्त झाले. निवृत्त होणाऱ्याला कारखान्यात भिंतीवरचं घड्याळ मिळतं. यांच्या वेळी मालकाला काय लहर आली कोण जाणे, पाकिटातून या रिसॉर्टचं बुकिंग निघालं. 'आता वहिनींना वेळ द्या,' असं मालक सगळ्यांसमोर म्हणाला. त्या संध्याकाळी वहीत एवढंच होतं, 'घड्याळ बरं होतं.'

आणि त्याच आठवड्यात आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. पहाटेचं काम आता नव्या मुली बघणार. माझ्यापुढे दोन जागा होत्या, एक नऊ ते पाच आणि दुसरी नव्यानं सुरू होणारी रात्रपाळी, जिची मुख्य मी. "तुम्हाला हवी ती घ्या," बाई म्हणाल्या, "पण शुक्रवारी दुपारी बाराच्या आत फोन करा. बारा वाजता मी तक्ता लावणार."

दिवसाची घेतली तर संध्याकाळी पाचपासून सकाळी नऊपर्यंत आम्ही दोघं एका घरात. रात्रीची घेतली तर पुन्हा तेच, फक्त उलटं. ते झोपतील तेव्हा मी कामावर, मी झोपेन तेव्हा ते जागे. मला दिवसाची हवी होती. जीव तुटेपर्यंत हवी होती. पण मी ती मागून घ्यावी असं मला वाटत नव्हतं. मास्तरांनी म्हणावं, 'रात्रीची घेऊ नकोस, घरी राहा,' एवढंच माझं मागणं होतं. निघायच्या आधी मी घरीच विषय काढला, तर हे बूट पुसता पुसता म्हणाले, "तुझं तू बघ, बाई." मला तोंडात मारल्यासारखं झालं.

खोली कसली, एक प्रचंड न्हाणीघर आणि त्याला जोडून बंगला. समोर व्हरांडा, व्हरांड्याखाली वाळू, पलीकडे नारळाची झाडं आणि समुद्र. पलंगावर टॉवेलचे दोन बगळे चोचीला चोच लावून बसवले होते. मास्तरांनी त्यातला एक उलगडून घडी कशी घातलीय ते बघितलं. परत घालायला गेले, तर त्याचं बदक झालं.

प्रवासानं अंग आंबलं होतं. आम्ही दोघंही एकदमच पलंगाकडे वळलो आणि दोघंही भिंतीकडच्या बाजूला गेलो. डोकं डोक्यावर आपटायचं राहिलं.

"तू झोप," ते म्हणाले.

"नाही, तुम्ही झोपा."

"मला तशी झोप नाही आलेली."

"मलाही नाही."

पाहुण्याच्या घरी शेवटच्या लाडवासाठी चालतं तसं आमचं चाललं. शेवटी तो एवढा थोरला पलंग रिकामा राहिला आणि आम्ही दोघं व्हरांड्यात दोन खुर्च्यांवर बसून समुद्राकडे बघत राहिलो. समुद्र चांगला होता. पण बघून बघून किती बघणार?

जेवणाची तर त्याहून तऱ्हा. तिथे सगळी टेबलं दोन-दोन माणसांची, समोरासमोर. तेवीस वर्षांत मी या माणसाला इतका वेळ सलग कधी बघितलं नव्हतं. डाव्या मनगटावर भट्टीच्या दाराचा जुना डाग आहे, तो इतका मोठा आहे हे मला ठाऊक नव्हतं. भुवया पांढऱ्या कधी झाल्या? यांचं अक्षर मी अंधारात बोट फिरवून ओळखीन, पण चेहरा मात्र मला नव्यानं पाठ करावा लागत होता. मास्तरांनी टोपलीतला पाव उचलला, उलटा करून तळाशी बोटानं ठोकला आणि कान लावला.

"खमिराची झोप पुरी होऊ दिली नाही," ते म्हणाले.

"हो का," मी म्हटलं.

त्या जेवणातलं आमचं संभाषण एवढंच. शेजारच्या टेबलावर ते रांगेतलं तरुण जोडपं एकमेकांच्या ताटातलं खात होतं आणि दर घासाला फोटो काढत होतं. मी मान खाली घालून फळं खाल्ली. मला माझ्या नवऱ्याची आठवण येत होती. नवरा समोर बसलेला असताना. रुमालही वाट बघतो असं लिहिणारा तो माणूस कुठे गेला, या सोबत आलेल्या गृहस्थांना मी काय विचारू, काहीच कळत नव्हतं.

बुधवारी सकाळी उठले तर पलंगाची दुसरी बाजू जशीच्या तशी. मास्तर व्हरांड्यात होते, चपलांना वाळू. रात्रभर जागे होते. नाश्ता झाला आणि ते खोलीत झोपायला गेले. मी एकटीच टोपी घालून किनाऱ्यावर आले. सवय जाता जात नाही म्हणतात, आमची तर सामानाबरोबर बांधून आली होती.

किनाऱ्यावर माझ्या पुढच्या छत्रीखाली एक म्हातारं जोडपं होतं. ती बाई नवऱ्याच्या पाठीला तेल चोळत होती. "तिथे नाही, खाली." "खाली म्हणजे कुठे, नीट सांगा." "अगं, आणखी खाली!" "मग स्वतःच लावा!" म्हणून तिनं बाटली वाळूत आपटली. तो हसला. तिनं पुन्हा बाटली उचलली. मला इतका हेवा वाटला म्हणून सांगू! तेलाचा नाही, त्या कटकटीचा.

मी उठून खोलीत गेले. मास्तर पलंगावर पालथे पडले होते, डोळे मिटलेले. टेबलावर रिसॉर्टची चिठ्ठ्यांची छोटी वही होती. काय झालं मला कळलं नाही, मी पेन घेतलं आणि लिहिलं, 'शहाळं ग्लासात ओतून ठेवलंय. समुद्रात जाऊ नका, तुम्हाला पोहता येत नाही.' आणि ग्लासाखाली ठेवलं.

दुपारी परत आले तर ग्लास रिकामा आणि खाली उत्तर. 'समुद्रात गेलो नाही. तोच दोनदा पायापाशी येऊन गेला. तू विचारलंस म्हणून सांगितलं त्याला.'

मी पलंगाच्या कडेवर बसून एकटीच हसले. अक्षर तेच, तो तिरपा रकार तोच. भेटला बाई माझा माणूस! मास्तर तेवढ्यात बाहेर फिरायला गेले होते. मी लगेच लिहिलं, 'तुमच्या बगळ्याचं बदक झालंय, त्याच्या बायकोला काय सांगू?' संध्याकाळी उत्तर हजर. 'तिला सांग, सवय होईल.'

गुरुवारचा दिवस असाच गेला आणि फार सुखात गेला. मी बाहेर असले की ते आत, ते बाहेर गेले की मी आत. चष्म्याखाली चिठ्ठी, साबणाच्या बशीखाली चिठ्ठी. खोली आवरणाऱ्या बाईंनी विचारलं, "हे कागद टाकून देऊ का?" मी म्हटलं, "खबरदार!" त्या बिचाऱ्या घाबरल्या. त्या रोज दहाच्या ठोक्याला येऊन चादर इस्त्री केल्यासारखी ताणून जायच्या, आणि मग मास्तर त्या ताठ अंथरुणात शिरायचे. एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ते झोपत नव्हते, नुसते पडायचे. कूस बदलायचे, पाय आखडून घ्यायचे, अर्ध्या तासात उठून बसायचे. मला वाटलं, जागा नवी आहे.

संध्याकाळी व्हरांड्यात बसले तेव्हा मात्र आठवलं. उद्या शुक्रवार. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं माझं चाललं होतं. माणूस पन्नास पावलांवर होता आणि मी त्याच्या चिठ्ठ्या छातीशी धरून बसले होते. असंच चालत राहिलं तर मला रात्रपाळी घ्यायलाही हरकत नव्हती, आणि नेमकी याचीच मला भीती वाटली. मग मी लिहायला बसले. सरळ विचारावं की नाही? पण नाही, ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी खोड. मी लिहिलं, 'उद्या बाराला फोन करायचाय. रात्रपाळीची मुख्य करतायत मला. मान आहे. घेऊ का?' हे वाचून तरी हा माणूस 'नको' म्हणेल, असा माझा हिशोब होता. चिठ्ठी त्यांच्या चष्म्याखाली ठेवली आणि लवकर झोपून टाकलं.

सकाळी माझ्या घड्याळाखाली उत्तर होतं. 'घे. आपल्याला सवय आहे. घराची काळजी करू नकोस, मी आहे. तुझा अभिमान वाटतो.'

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी चिठ्ठी दोनदा वाचली. एकही शब्द वाकडा नव्हता. मी नाश्त्याला एकटीच गेले, कॉफी तशीच टाकून उठले. मग किनाऱ्यानं चालत सुटले, पार खडक लागले तिथपर्यंत. चालता चालता रडू आलं आणि रडता रडता एकदम डोक्यात उजेड पडला. वहीत भांडायचं नाही! अगं बाई, एक्केचाळीस वह्यांत या माणसानं मला एकदा तरी 'नाही' म्हटलंय का? मी म्हटलं, मावशीला आणू का, तर 'आण'. म्हटलं, रविवारी जादा काम घेऊ का, तर 'घे'. मी तरी कधी म्हटलं? कागदावर 'नको' म्हणायची सोयच आम्ही ठेवली नव्हती. आणि मी मूर्ख नेमका त्याच कागदावर हा प्रश्न विचारून बसले होते.

मी उलट फिरले ती जवळजवळ पळतच. खोलीत मास्तर नव्हते. पलंग ताठ. घड्याळात अकरा पस्तीस. व्हरांड्यातून दिसलं, ते पोहण्याच्या तलावात होते. उथळ बाजूला, कमरेएवढ्या पाण्यात, कठडा धरून उभे. बसमध्ये दांडी धरून उभं राहावं तसे.

मी काठावर गेले. "घे म्हणजे काय, मास्तर?"

ते दचकले. "काय झालं?"

"'घे' म्हणे! काय घे?"

"तूच विचारलंस ना?"

"मी विचारलं म्हणून लगेच 'घे'?"

"मग काय लिहू? वहीत भांडायचं नाही, हा नियम तुझाच."

"ही वही आहे का?" मी चिठ्ठी नाचवली, आणि ती हातातून सुटून पाण्यात पडली. ती पकडायच्या नादात मी पायऱ्या उतरले, कपड्यांसकट, चपलांसकट, कमरेपर्यंत आत. तलावावरच्या शिट्टीवाल्या माणसानं शिट्टी वाजवली. आम्ही दोघांनीही त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं ती तोंडातून काढली. तेल लावणारं म्हातारं जोडपं खुर्च्या वळवून बसलं.

"बोला," मी म्हटलं. "आता समोर आहे मी. बोला ना तोंडानं!"

"मला नाही येत बोलता!" मास्तर ओरडले. मी त्यांना ओरडताना पहिल्यांदाच ऐकत होते. "तुला काय वाटतं, त्या दोन ओळी मला अशाच सुचायच्या? भट्टी भरली की विचार करायला लागायचो, ते पहाटेपर्यंत! अख्खी रात्र लागायची दोन ओळींना. इथे तू समोर बसतेस, माझ्या तोंडाकडे बघतेस. मला काय दोन मिनिटांत सुचणार, कपाळ?"

"नसेल सुचत तर राहू दे, पण 'नको' तरी म्हणा!"

"काय नको?"

"रात्रपाळी!"

"तुला हवी आहे ना? मान आहे म्हणालीस."

"मान गेला खड्ड्यात! मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

त्यांनी कठडा सोडला. दोन्ही हातांनी पाण्यावर एक चापट मारली, पाणी माझ्या तोंडावर उडालं.

"मग ऐक. नको घेऊस. अजिबात नको. गावाला मी तेवीस वर्षं ताजा पाव दिला आणि स्वतः घरी येऊन शिळ्या उबेवर झोपलो. पुरे झालं मला. इथे तर तीही नाही. ती बाई येते आणि अंथरूण गार करून जाते. तीन दिवस डोळ्याला डोळा नाही माझ्या."

 पाणी नाकातोंडावरून गळत होतं, ते पुसायचंही सुचलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. "पांघरुणाचं?"

"पीठ झाकून ठेवण्यात जन्म गेला माझा. मला कळणार नाही, कुणी काय झाकून ठेवलंय ते?" त्यांचा आवाज खाली आला. "बूट न काढता आधी हात घालून बघायचो, आहे का ते. एकदा तू माहेरी गेलीस तेव्हा चार दिवस खुर्चीत झोपलो."

"मग कधी लिहिलं का नाहीत?"

"लिहिलं असतं तर तू आणखी पाच मिनिटं लवकर उठून काहीतरी वाढीव केलं असतंस. ओळखतो मी तुला."

हे मात्र खरं होतं, आणि म्हणून मला आणखी राग आला. मी म्हटलं, मग धर्मशाळेचं काय? ते म्हणाले, कसली धर्मशाळा? मी म्हटलं, माझी आई आली होती तेव्हाची. ते म्हणाले, महिनाभर राहिली ना पण! मी म्हटलं, तुमचा भाऊ दोन महिने राहिला तेव्हा मी काही बोलले का? तेवीस वर्षांचं साचलेलं होतं, शब्दाला शब्द लागत गेला. मास्तर बोटं मोजून बोलत होते, मी हात नाचवून. शिट्टीवाला खुर्ची आणून बसला. मध्येच ती तेलवाली बाई काठावरून म्हणाली, "अहो, तुमचा फोन वाजतोय."

काठावर टाकलेल्या माझ्या पिशवीतून फोन तिनंच काढून दिला. बारा वाजत आले होते, डॉक्टरीणबाईंनाच धीर धरवला नव्हता. "काय ठरलं, सुईताई?"

मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मास्तरांकडे बघितलं. ते पुन्हा कठडा धरून उभे होते, घाबरलेले, पांढऱ्या भुवयांवरून पाणी ओघळत होतं.  त्यांनी मान हलवली, नाही अशी. सिग्नलला हलवायचे त्याच मानेनं.

"दिवसाची," मी म्हटलं. "नऊ ते पाच. आणि पाचच्या पुढे एक मिनिटही थांबणार नाही, तेही तक्त्यात लिहा."

आम्ही ओल्या कपड्यांनी, चपला हातात घेऊन खोलीत आलो. भांडून भांडून दोघांनाही सपाटून भूक लागली होती. जेवण खोलीतच मागवलं, आणि मास्तरांनी टोपलीतला पाव खाल्ला, न ठोकता. मी दारावर 'आत येऊ नये' ही पाटी लावली. मग कोरडे कपडे घालून मी आधी जाऊन पडले, भिंतीकडच्या बाजूला, माझ्या हक्काच्या जागेवर. चादर खरंच गार होती. बाहेर दुपारचं ऊन होतं आणि समुद्राचा आवाज येत होता. मास्तर पलंगापाशी येऊन उभे राहिले. दुसरी बाजू अख्खी रिकामी होती, तिकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. गुडघा गादीवर टेकवून त्यांनी मला खांद्याला हलकेच ढकललं.

"सरक," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत मला कुणी 'सरक' म्हटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी डोळे घट्ट मिटून घेतले आणि तसूभरही हलले नाही. म्हटलं, पुन्हा एकदा म्हणू दे.